चावीवाल्याचे वाफे

मे महिन्यात, हापशाचा दांडा चटका देतो तेव्हा,
मी भुसावळच्या लिलावातून आणले
चौदा लाकडी स्लीपर.
टेम्पोवाला म्हणाला, काका, घर बांधता काय?
म्हटलं, नाही. वांगी लावतो.

एकतीस वर्षं गुडघे रुळाला दिले.
तापीच्या पुलापर्यंत जायचं, परत यायचं,
खांद्यावर हातोडा, काखेत झेंड्या,
सैल चावी दिसली की वाकायचं.
आता मी वाकणार नाही.
मातीनं उठून यावं कमरेपर्यंत,
एवढंच.

आणि स्लीपरसारखं लाकूड नाही.
चाळीस पावसाळे, कोळशाच्या मालगाड्या,
उधई जवळ येऊन माघारी गेलेली.
कडू मिस्तरीला मी हेच सांगत होतो,
बघ, टिकाऊ कशाला म्हणतात.
तो तंबाखू मळत म्हणाला,
'उधई खात नाही भो,
ते वांग्याला चारतोस?'

दुपारी लाकडाला घाम आला.
काळा, चिकट, भेगाभेगांतून.
तो वास!
माझ्या पहिल्या पगाराला तो होता,
डब्यातल्या कळण्याच्या भाकरीला होता.
मला अजून त्या वासानं भूक लागते.

कौतिक दारातून पाहत होती.
वाद घालणारी बाई नाही ती.
'क्वार्टरामागची धुण्याची शिळा आठवते?'
एवढंच म्हणाली.

आठवली.
सोळा वर्षं माझे कपडे तिनं तिथं आपटले.
काळं पाणी उतारानं कुंपणाकडे जायचं,
हातभर रुंद पट्टा.
त्या पट्ट्यात कधी हरळीसुद्धा आली नाही.
मी रोज ओलांडून ड्युटीवर जायचो.
पुढे लाइनीवर सिमेंटचे स्लीपर आले,
कपडे नुसत्या धुळीनं मळू लागले,
आणि चौथ्या पावसाळ्यात
तिनं तिथं पुदिना आणून दाखवला.
दाखवला होता तिनं.
मी फक्त चटणी खाल्ली.

मग शोधाशोध.
यावल रस्त्याला टायर फुकट होते;
उन्हात रबर मऊ पडतं, त्यातून काय झिरपतं
ते पंक्चरवाल्यालाही सांगता येईना.
शाळेचा जुना दरवाजा मिळाला,
रंगावर रंग, सात थर.
'जुना रंग गोड लागतो,' कडू म्हणाला,
'म्हणून तर पोरांना चाटू देऊ नये.'
सिमेंटच्या पत्र्याच्या तुटक्या काठावर
म्हातारीच्या केसांसारखे तंतू;
हात आपोआप मागे आला.
निंबाच्या फळ्या चालल्या असत्या,
पण कुणाच्या दारचा निंब तोडायचा?
तापीतले गोटे आणले,
ते एकावर एक बसेनात.

शेवटी विटा.
पाडलेल्या मालधक्क्याच्या भिंतीच्या,
चुन्यात बसवलेल्या, रंग न पाहिलेल्या.
मी माळ्यावरून हातोडा काढला.
एकेक वीट तळहातावर, हलकी टिचकी.
टण्. ही घे.
ठप्. ही कच्ची, दोन पावसांत माती होईल.
टण्. टण्.
रूळ असाच बोलायचा माझ्याशी.
रिटायर मी झालो, कान झाला नाही.

बांधकाम कडूचं. तळ उघडा ठेवला,
गांडुळांना ये-जा राहावी म्हणून.
रुंदी एवढीच, की दोन्ही बाजूंनी
हात मधोमध पोचेल.
आत गाळाची माती, कुजलेले केळीचे खुंट.
कौतिकनं पदराची गाठ सोडली,
बामणोदहून आणलेलं बी,
भरताच्या वांग्याचं.

तेरा स्लीपर काट्यावाल्या भावड्या नेहेतेनं नेले,
चुलीत घालू नको, हे मी तीनदा बजावलं.
एक ठेवलाय. फाटकाबाहेर,
वाफ्यांपासून वीस पावलांवर.
घर झोपलं की दुपारी जातो.
त्याला घाम आलेला असतो.
नाक जवळ नेतो,
कधी हातही ठेवतो.

परत येतो तेव्हा पायरीवर
तांब्या भरलेला,
शेजारी साबण.